मुदतपूर्व निवृत्तीचे नियोजन आणि निवृत्ती खात्यांच्या वापराचा क्रम : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

नोकरदार वर्गाच्या जीवनात सेवानिवृत्ती हा अटळ टप्पा होय. नियत वयोमानानुसार होणाऱ्या निवृत्तीची तारीख नेमणुकीच्या दिवशीच ठरलेली असते. त्यामुळे निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी आणि अन्य बचत योजनांचे नियम त्याच वयाभोवती बांधलेले आढळतात. तथापि अलीकडच्या काळात वयाच्या ५० ते ५५ च्या दरम्यान नोकरी सोडून शेती, लेखन, स्वतंत्र व्यवसाय किंवा कौटुंबिक जबाबदाऱ्यांकडे वळण्याचा विचार करणाऱ्यांची चर्चा महाविद्यालयांच्या अध्यापक कक्षातही होऊ लागली आहे. अशा व्यक्तीजवळ पुरेशी रक्कम आहे किंवा नाही हा प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. परंतु तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न असा की, असलेली रक्कम ज्या खात्यांत आहे ती खाती हव्या त्या वर्षी उघडतात काय? निवृत्ती खात्यांत साठ लाख रुपये असूनही पहिल्या आठ वर्षांच्या घरखर्चाची सोय नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. प्रस्तुत लेखात याच दुसऱ्या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) मुदतपूर्व निवृत्तीच्या दृष्टीने प्रमुख निवृत्ती खात्यांच्या नियमांचा परिचय करून देणे.
२) नोकरी सुटल्यापासून खाती पूर्णपणे खुली होईपर्यंतच्या कालावधीची, म्हणजेच सेतुकाळाची, संकल्पना स्पष्ट करणे.
३) खाती कोणत्या क्रमाने वापरावीत याचे गणिती उदाहरणासह विश्लेषण करणे.

अभ्यास पद्धती व मर्यादा :

सदर लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शासन निर्णय, अधिनियम आणि योजनांचे प्रसिद्ध नियम ही दुय्यम साधने आधारभूत मानली आहेत. उदाहरणांतील रकमा व परताव्याचे दर हे केवळ आकलनासाठी गृहीत धरलेले आहेत. लहान बचतीवरील व्याजदरांचा आढावा शासन दर तिमाहीस घेते, ही बाबही ध्यानात ठेवावी.

स्थानिक पार्श्वभूमी :

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुके निवृत्तिवेतनाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहेत. कारण येथे जवळजवळ प्रत्येक प्रकारची निवृत्ती व्यवस्था शेजारी शेजारी नांदताना दिसते. दौंड हे पुणे-सोलापूर आणि दौंड-मनमाड या लोहमार्गांचे जंक्शन असल्याने तेथे रेल्वे कर्मचाऱ्यांची मोठी वस्ती आहे. राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ व ७ तेथेच आहेत. कुरकुंभ येथील रासायनिक उद्योगांची वसाहत आणि शिरूर तालुक्यातील रांजणगाव, सणसवाडी व शिक्रापूर परिसरातील कारखाने यांमधील कामगार कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या कक्षेत येतात. दोन्ही तालुक्यांत अनुदानित महाविद्यालये आणि शाळा आहेत, तद्वतच विनाअनुदानित तुकड्यांवर किंवा तासिका तत्त्वावर काम करणारे अध्यापकही आहेत. शिवाय या सर्वांपैकी अनेकांच्या घरी उसाची शेती आहे. एकाच घरात वडील रेल्वेचे निवृत्तिवेतनधारक, मोठा मुलगा कारखान्यात आणि सून महाविद्यालयात असे चित्र येथे अपवादात्मक नाही. म्हणूनच "पेन्शन" हा एकच शब्द उच्चारताना प्रत्येकाच्या मनात वेगळी व्यवस्था असते आणि एकाचा सल्ला दुसऱ्यास लागू पडत नाही.

मुदतपूर्व निवृत्तीचे दोन पूर्वानुभव :

या परिसरास परिचित असलेल्या दोन योजनांचा येथे उल्लेख करणे उचित ठरेल. रेल्वेने २००४ मध्ये इंजिनचालक आणि गँगमन यांच्यासाठी सुरक्षाविषयक निवृत्ती योजना आणली. ठरावीक वय व सेवा पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्याने स्वेच्छेने निवृत्ती घेतल्यास पात्र पाल्यास नोकरी, असे तिचे स्वरूप होते. २०१० मध्ये "लार्सजेस" या संक्षिप्त नावाने ती सुरक्षाविषयक अन्य संवर्गांपर्यंत विस्तारली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने सार्वजनिक नोकरीतील समान संधीच्या तत्त्वावर या योजनेबाबत प्रतिकूल मत व्यक्त केल्यानंतर ऑक्टोबर २०१७ पासून ती थांबविण्यात आली व २०१८ मध्ये संपुष्टात आणली गेली. येथे निवृत्तीचा निर्णय कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावर आधारलेला नव्हता. तो पुढील पिढीच्या नोकरीच्या आश्वासनावर उभा होता. आश्वासन संपताच नियोजनाचा पायाच निघून गेला.

दुसरा अनुभव भारत संचार निगमच्या २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेचा. पन्नास वर्षे व त्यावरील कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या या योजनेत देशभरातील सुमारे ७८ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी सेवेतून बाहेर पडले. त्यांना सानुग्रह रक्कम व निवृत्तिवेतन मिळाले. परंतु निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाचा लाभ वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलण्यात आला होता. निवृत्तीची तारीख आणि लाभ हाती येण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

प्रमुख निवृत्ती खाती आणि त्यांचे नियम :

अ) जुनी निवृत्तिवेतन योजना :

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी नियुक्त झालेल्या अनुदानित महाविद्यालयीन अध्यापकांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मधील तरतुदींचा लाभ मिळतो. या नियमांनुसार वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी असलेली तेहतीस वर्षांची अट २००९ मध्ये शिथिल होऊन वीस वर्षांवर आली. या वर्गासाठी सेतुकाळ हा प्रश्नच उद्भवत नाही. कारण निवृत्तिवेतन लगेच सुरू होते. येथे किंमत मोजावी लागते ती वेगळ्या स्वरूपात. समजा, ५३ वर्षे वयाच्या अध्यापकाचे मूळ वेतन १,४०,००० रुपये आहे. आज निवृत्त झाल्यास मूळ निवृत्तिवेतन ७०,००० रुपये होईल. दरसाल ३ टक्के वेतनवाढ धरून साठाव्या वर्षापर्यंत सेवा केल्यास मूळ वेतन सुमारे १,७२,००० आणि निवृत्तिवेतन सुमारे ८६,००० रुपये होईल. म्हणजे सात वर्षांच्या स्वातंत्र्याची किंमत दरमहा सुमारे १६,००० रुपये अधिक त्यावरील महागाई वाढ, आणि तीही आयुष्यभर. अंशराशीकरणाने निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी घेता येतो व तो पंधरा वर्षांनी पुनःस्थापित होतो. परंतु तोवर मासिक उत्पन्न घटते हे विसरता कामा नये.

ब) परिभाषित अंशदान व राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना :

राज्य शासनाच्या ३१ ऑक्टोबर २००५ च्या निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना परिभाषित अंशदान योजना लागू झाली व पुढे तिचे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत रूपांतर झाले. कर्मचाऱ्याचे अंशदान मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के असून शासनाचा हिस्सा २०१९ पासून १४ टक्के आहे. आज महाविद्यालयांतील तिशी-चाळिशीतील बहुतेक अनुदानित अध्यापक याच वर्गात मोडतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या योजनेच्या मागणीसाठी राज्यातील कर्मचाऱ्यांनी केलेला संप याच वर्गाच्या अस्वस्थतेचा आविष्कार होता. २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्यांच्या पदभरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती अशा राज्यशासकीय कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा पर्याय खुला झाला. परंतु तो मर्यादित गटापुरताच आहे.

या योजनेत नियत वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्या शासकीय क्षेत्रातील सभासदास संचित रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत एकरकमी काढता येते व किमान ४० टक्के रकमेची वार्षिकी खरेदी करावी लागते. मुदतपूर्व निर्गमनात मात्र हे प्रमाण उलट होते : किमान ८० टक्के रकमेची वार्षिकी आणि हाती केवळ २० टक्के. अगदी लहान संचितासाठी पूर्ण रक्कम काढण्याची सवलत आहे. डिसेंबर २०२५ मधील दुरुस्तीने अशासकीय सभासदांसाठी सर्वसाधारण निर्गमनाच्या वेळी वार्षिकीचे किमान प्रमाण २० टक्क्यांवर आणले. मुदतपूर्व निर्गमनाचे ८० टक्क्यांचे बंधन मात्र कायम राहिले.

येथे शब्दयोजनेस असाधारण महत्त्व आहे. राजीनामा हा निश्चितपणे मुदतपूर्व निर्गमनात मोडतो. स्वेच्छानिवृत्तीबाबत २०१५ च्या मूळ विनियमांनी तीच भूमिका घेतली होती. परंतु केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या २०२१ च्या नियमांत वीस वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यास नियत वयोमानाच्या निवृत्तीसारखे लाभ देण्याची तरतूद आहे. ही तरतूद केंद्रीय सेवेसाठी असल्याने अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकाने ती स्वतःस लागू आहे असे गृहीत धरू नये. अर्ज करण्यापूर्वीच आपले निर्गमन कोणत्या शीर्षाखाली धरले जाईल याचे लेखी उत्तर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून मिळवावे; कारण ८० लाखांच्या संचितावर २० टक्के आणि ६० टक्के यांतील फरक ३२ लाख रुपयांचा आहे. जुन्या योजनेतही राजीनामा दिल्यास पूर्वसेवा जप्त होण्याचा नियम आहे. संतापाच्या किंवा घाईच्या भरात लिहिलेला "राजीनामा" हा एक शब्द वीस वर्षांच्या सेवेचे फळ हिरावून घेऊ शकतो.

एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचाही येथे विचार केला पाहिजे. केंद्र शासनाने १ एप्रिल २०२५ पासून ती लागू केली आणि महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये तिला मान्यता दिली होती. केंद्रीय योजनेत स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यास हमी रक्कम मिळते. पण ती, तो कर्मचारी सेवेत राहिला असता तर ज्या दिवशी नियत वयोमानाने निवृत्त झाला असता, त्या दिवसापासून सुरू होते. म्हणजे ५२ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्यास साठाव्या वर्षापर्यंत या योजनेतून मासिक रक्कम मिळत नाही. राज्यस्तरावरील कोणताही पर्याय निवडताना नेमकी हीच अट प्रथम वाचावी.

क) कर्मचारी भविष्य निर्वाह निधी व निवृत्तिवेतन योजना १९९५ :

रांजणगाव व कुरकुंभ येथील कामगार आणि अनेक विनाअनुदानित संस्थांतील अध्यापक या वर्गात येतात. निवृत्ती घेताना वयाची ५५ वर्षे पूर्ण असल्यास निधीची संपूर्ण रक्कम मिळू शकते. त्यापूर्वी नोकरी सोडणाऱ्यांसाठी केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये २५ टक्के शिल्लक खात्यात ठेवण्याचे आणि पूर्ण रक्कम काढण्यापूर्वीचा बेरोजगारीचा काळ दोन महिन्यांवरून बारा महिन्यांपर्यंत वाढविण्याचे धोरण स्वीकारले. नोकरी सोडल्यानंतरच्या काळात खात्यावर जमा होणारे व्याज करपात्र ठरते, हेही लक्षात घ्यावे.

१९९५ च्या योजनेतील निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी सुरू होते. त्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. पन्नाशीनंतर ते लवकर घेता येते, परंतु ५८ पेक्षा जितकी वर्षे आधी, तितक्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवा भागिले ७० असे याचे सूत्र आहे. सप्टेंबर २०१४ पासूनची वेतनमर्यादा १५,००० रुपये आणि २८ वर्षांची सेवा धरल्यास ५८ व्या वर्षी दरमहा ६,००० रुपये येतात. २०१४ पूर्वीची सेवा त्याआधीच्या मर्यादेवर मोजली जात असल्याने प्रत्यक्ष रक्कम याहून कमी भरते. तेच निवृत्तिवेतन ५४ व्या वर्षी घेतल्यास सुमारे ५,१०० रुपयांच्या आत राहील व ही कपात कायमची असेल. सारांश, या वर्गाची खरी निवृत्ती व्यवस्था म्हणजे निधीतील एकरकमी शिल्लक होय. मासिक निवृत्तिवेतन हे केवळ पूरक आहे.

ड) सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी :

१९६८ च्या अधिनियमाने सुरू झालेले हे खाते कोणत्याही नागरिकास उघडता येते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकासाठी तर हेच प्रमुख निवृत्ती खाते ठरू शकते. खाते उघडले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पंधरा वर्षांनी ते परिपक्व होते. वार्षिक मर्यादा १.५ लाख रुपये आहे. एप्रिल २०२० पासून २०२५ अखेरपर्यंत त्याचा व्याजदर ७.१ टक्के राहिला आणि व्याज करमुक्त आहे. याचे वैशिष्ट्य असे की, परिपक्वतेचा संबंध खातेदाराच्या वयाशी नसून खाते उघडल्याच्या वर्षाशी आहे. पस्तिसाव्या वर्षी उघडलेले खाते पन्नास-एक्कावन्नाव्या वर्षी खुले होते.

परिपक्वतेनंतर पाच-पाच वर्षांची मुदतवाढ घेता येते. वर्गणी चालू ठेवून मुदतवाढ हवी असल्यास एका वर्षाच्या आत विहित नमुना द्यावा लागतो. अशा मुदतवाढीत त्या पाच वर्षांत मिळून प्रारंभीच्या शिल्लकेच्या ६० टक्क्यांपर्यंतच रक्कम काढता येते. वर्गणीविना मुदतवाढीत वर्षातून एकदा कितीही रक्कम काढता येते. मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्यास दुसरा प्रकार सोयीचा असतो; दरवर्षी एप्रिलमध्ये वर्षभराचा खर्च काढावा आणि उर्वरित रकमेवर व्याज मिळत राहावे. मात्र वर्गणीविना खाते एक वर्षाहून अधिक चालविल्यास पुन्हा वर्गणीच्या प्रकारात परतता येत नाही.

इ) ज्येष्ठ नागरिक बचत योजना :

२००४ पासूनची ही योजना साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे असा सर्वसाधारण समज आहे. तथापि नियत वयोमानाने किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्या ५५ ते ६० वयोगटातील व्यक्तीसही निवृत्ती लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत यात गुंतवणूक करता येते. ही मुदत नोव्हेंबर २०२३ पर्यंत एक महिना होती. कमाल मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपये असून या वयोगटात ती प्राप्त निवृत्ती लाभांपुरतीच आहे. एप्रिल २०२३ पासून २०२५ अखेरपर्यंत व्याजदर ८.२ टक्के राहिला. ३० लाखांवर तो तिमाहीस ६१,५०० रुपये, म्हणजे दरमहा २०,५०० रुपये भरतो. ५४ व्या वर्षी निवृत्त होणे आणि ५५ पूर्ण करून निवृत्त होणे यांतील एका वर्षाने हा दरवाजा बंद किंवा खुला होतो.

सेतुकाळाची संकल्पना व गणित :

उसाच्या शेतकऱ्यास ही संकल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तोड सोळा-अठरा महिन्यांनी. पीक उत्तम असले तरी मधल्या काळातील घरखर्च, खते आणि मजुरी यांची तरतूद आधीच करावी लागते. उभा ऊस अर्धवट वाढीत गुऱ्हाळाला दिला तर वजन आणि उतारा दोन्ही जातात. निवृत्ती खात्यांचेही असेच आहे. नोकरी सुटण्याचे वय आणि मुख्य खाते पूर्ण लाभासह खुले होण्याचे वय यांतील अंतर म्हणजे सेतुकाळ होय.

पुढील गृहीत उदाहरण पाहावे. वय ५२ वर्षे, राष्ट्रीय निवृत्तिवेतन खात्यातील संचित ८० लाख रुपये, चालू घरखर्च दरमहा ५०,००० रुपये, महागाई ६ टक्के, अन्य बचतीवरील परतावा ७ टक्के, वार्षिकीचा दर ६.५ टक्के.

या गृहीतकांनुसार आठव्या वर्षी घरखर्च दरमहा सुमारे ७५,००० रुपये होतो. आठ वर्षांचा एकूण खर्च सुमारे ५९.४ लाख रुपये भरतो व त्यासाठी आज सुमारे ४६.५ लाख रुपये मुख्य खात्याबाहेर असणे आवश्यक ठरते. हा सेतुनिधी होय.

पहिला मार्ग असा की, ५२ व्या वर्षीच मुदतपूर्व निर्गमन करावे. १६ लाख रुपये हाती येतील आणि ६४ लाखांच्या वार्षिकीतून दरमहा सुमारे ३४,७०० रुपये मिळतील. पहिल्या वर्षी सुमारे १५,३०० रुपयांची मासिक तूट राहील. परंतु वार्षिकी स्थिर आणि खर्च वाढता असल्याने आठव्या वर्षी ती सुमारे ४०,५०० रुपयांवर जाईल.

दुसरा मार्ग असा की, नोकरी सोडल्यावरही खाते बंद न करता साठाव्या वर्षापर्यंत चालू ठेवावे आणि सेतुनिधीतून घरखर्च भागवावा. ८ टक्के परतावा धरल्यास ८० लाखांचे सुमारे १४८ लाख रुपये होतात. त्यांतील ४० टक्क्यांच्या वार्षिकीतून दरमहा सुमारे ३२,१०० रुपये आणि हाती सुमारे ८८.८ लाख रुपये येतात.

वरवर पाहता दुसरा मार्ग कितीतरी लाभदायक वाटतो. पण तुलना न्याय्य व्हावयाची तर पहिल्या मार्गातील व्यक्तीजवळही तोच ४६.५ लाखांचा निधी आहे असे धरले पाहिजे. तसे केल्यास तिच्याजवळ साठाव्या वर्षी सुमारे ७३ लाख रुपये शिल्लक राहतात आणि ३४,७०० रुपयांची वार्षिकी चालूच असते. म्हणजे दुसऱ्या मार्गाचा लाभ सुमारे १५ ते १६ लाख रुपयांचा असून त्यातून वार्षिकीतील फरकाचे मूल्य, सुमारे ४.८ लाख, वजा करता तो ११ लाखांच्या आसपास उरतो. निवृत्तिवेतन खात्याचा परतावा ८ ऐवजी ७ टक्केच मिळाल्यास हा लाभ जवळजवळ शून्यावर येतो.

तर मग खाते चालू ठेवण्याचा आग्रह कशासाठी? त्याची दोन कारणे संभवतात. पहिले म्हणजे वार्षिकी ही एकदा खरेदी केल्यावर सहसा मागे घेता येत नाही. ५२ व्या वर्षी ८० टक्के रक्कम अशा करारात बांधणे म्हणजे पुढील तीस वर्षांची महागाई आजच्या एका दरावर सोडून देणे होय. आज मिळणाऱ्या ३४,७०० रुपयांची क्रयशक्ती ६ टक्के महागाईत आठ वर्षांनी सुमारे २१,८०० रुपयांइतकीच राहते. दुसरे कारण असे की, वार्षिकीचे उत्पन्न करपात्र असते, तर सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम करमुक्त असते.

उलटपक्षी, सेतुनिधी अपुरा असल्यास दुसरा मार्ग उपलब्धच राहत नाही. जवळ २० लाख रुपयेच असतील तर साधारण तीन वर्षांनी निधी संपून सक्तीने मुदतपूर्व निर्गमन करावे लागेल. म्हणून निवृत्तीचा दिवस निवडताना एकूण संपत्तीपेक्षा सेतुनिधीची बेरीज हा अधिक विश्वसनीय निकष ठरतो.

परदेशातील व्यवस्थेशी तुलना :

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हीच अडचण वेगळ्या रूपात भेडसावते. तेथील निवृत्ती खात्यांतून साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी रक्कम काढल्यास सामान्यतः प्राप्तिकराखेरीज १० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो. मात्र ५५ व्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सोडल्यास त्या मालकाच्या योजनेपुरती सूट मिळते. तेथे घाईची शिक्षा दंडाच्या रूपात आहे, तर आपल्याकडे ती वार्षिकीच्या सक्तीच्या रूपात. दंड एकदाच भरावा लागतो. वार्षिकीचे बंधन आयुष्यभर राहते. त्यामुळे परदेशस्थ आप्तांचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

शेती उत्पन्नाचे स्थान :

शिरूर-दौंड परिसरातील अध्यापकांच्या नियोजनात शेतीचे उत्पन्न गृहीत धरले जाते. ते करमुक्त असले तरी त्याचे वेळापत्रक अनिश्चित असते. कारखान्याचा गळीत हंगाम, उसाच्या बिलाचे हप्ते, आवर्तनाचे पाणी आणि बाजारभाव या चारही गोष्टी खातेदाराच्या हाती नसतात. म्हणून शेतीचे उत्पन्न सेतुनिधीचा पाया न मानता त्यावरील भर मानणे हितावह ठरते. किमान एका वर्षाचा घरखर्च बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत रोकडसुलभ ठेवल्यास बिल लांबले तरी दीर्घ मुदतीचे खाते मोडण्याची वेळ येत नाही.

निष्कर्ष :

१) मुदतपूर्व निवृत्तीत एकूण संचितापेक्षा खाती खुली होण्याचे वय व अटी अधिक निर्णायक ठरतात.
२) जुन्या योजनेतील अध्यापकास सेतुकाळाची अडचण नाही, परंतु कायमस्वरूपी कमी निवृत्तिवेतन ही त्याची किंमत आहे.
३) राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील अध्यापकासाठी निर्गमनाचे शीर्ष, म्हणजे राजीनामा की स्वेच्छानिवृत्ती, ही सर्वांत मोठी आर्थिक बाब आहे.
४) सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी हे वयाशी निगडित नसल्याने सेतुकाळासाठी सर्वाधिक अनुकूल खाते होय.
५) खाते चालू ठेवण्याचा गणिती लाभ परताव्याच्या दरावर अवलंबून असून तो गृहीत धरण्याइतका निश्चित नाही, निर्णयाचे स्वातंत्र्य टिकणे हा त्याचा मुख्य लाभ होय.

शिफारशी :

खाती वापरण्याचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे सुचविता येईल. प्रथम रोकडसुलभ बचत आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या एकरकमी लाभांपैकी न गुंतविलेला भाग वापरावा. वय ५५ पूर्ण असल्यास उपदानासारखे लाभ तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवून तिमाही व्याज घरखर्चास लावावे. तदनंतर परिपक्व झालेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीतून वर्षातून एकदा रक्कम काढावी. १९९५ च्या योजनेचे निवृत्तिवेतन शक्य असल्यास ५८ पर्यंत थांबवावे आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन खाते सर्वांत शेवटी उघडावे.

तिशी-चाळिशीतील अध्यापकांनी तीन गोष्टी आजच कराव्यात. अद्याप नसल्यास सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते किमान ५०० रुपयांनी उघडावे; कारण त्याची पंधरा वर्षे रकमेवर नव्हे, तर उघडण्याच्या तारखेवर मोजली जातात. २००५ नंतरच्या प्रत्येक वर्षाचे स्वतःचे अंशदान आणि शासनाचा हिस्सा निवृत्तिवेतन खात्यात वर्ग झाला आहे किंवा नाही हे वर्षनिहाय पडताळून त्रुटी असल्यास लेखी कळवावे. सेवेत असताना ही दुरुस्ती जितकी सुकर असते तितकी निवृत्तीनंतर राहत नाही. तसेच सेवापुस्तकातील नोंदी आणि सर्व खात्यांवरील नामनिर्देशन अद्ययावत ठेवावे.

समारोप :

मुदतपूर्व निवृत्तीचा निर्णय हा अंतिमतः व्यक्तीच्या जीवनदृष्टीचा प्रश्न आहे. आरोग्य, कुटुंब आणि कामातील समाधान यांचे मोल कोणत्याही सूत्रात बसत नाही. परंतु हा निर्णय बहुधा एकदाच घेता येतो आणि शासकीय सेवेत तो मागे घेणे दुरापास्त असते. म्हणून अर्जावर स्वाक्षरी करण्यापूर्वी कागदावर तीन ओळी लिहून पाहाव्यात : नोकरी सोडण्याचे वय, प्रत्येक खाते खुले होण्याचे वय आणि मधल्या प्रत्येक वर्षाचा खर्च कोणत्या खात्यातून होणार. या तीन ओळींत एकही वर्ष रिकामे राहत नसेल, तर निवृत्तीचा विचार पुढे न्यावा. रिकामे राहत असेल, तर तेवढी वर्षे सेवा पुढे चालू ठेवणे किंवा सेतुनिधीत तेवढी भर घालणे हेच इष्ट होय.